चार नंबरच्या टर्मिनलवरची ओळ

सर्वोच्च सत्ता माणसाला आतून बदलून टाकते, असं थोर लोक सांगून गेले आहेत आणि ते खोटं नाही. मी स्वतः अशी सत्ता भोगलेली आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी, सातपूरच्या एका कारखान्यात, एका मंगळवारी दुपारी, एका अख्ख्या संगणकावर माझं निरंकुश राज्य होतं. कोणतीही फाइल उघडावी, कोणाचंही नाव पुसावं, कोणालाही दाराबाहेर काढावं, विचारणारं कोणी नव्हतं. हे राज्य साडेचार मिनिटं टिकलं. त्यातली निम्मी मी बाहेर कसं पडायचं ते आठवण्यात घालवली.

तो कारखाना विजेची बटणं आणि सॉकेटं बनवायचा. मी तिथे संगणक विभागात सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होते आणि त्यातले पाच संपले होते. सहावा संपला की एक तर कायम केल्याचा आदेश, नाही तर निरोप. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. दादा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि त्या पावसाळ्यानंतर निवृत्त व्हायचे होते. निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटणार होतं. धाकटे दोघे भाऊ अजून शाळेत. पुढचं घर कोणाच्या नोकरीच्या जोरावर घ्यायचं हे घरात सगळ्यांना कळलेलं होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. आई तेवढी रोज संध्याकाळी, मी चपला काढायच्या आत विचारायची, "झाली का गं परमनंट?" मेथी आली का म्हणून बाजारात विचारावं तशी. आई सायखेड्याची. तिच्या लेखी कोणतीही गोष्ट आज आली नाही तर उद्या येतेच, माल तेवढा चांगला पाहिजे.

आमच्या विभागाचे प्रमुख गोगटे साहेब. गोरे, टापटीप, बोलताना डोळे मिटून घेणारे. विभागात एक मोठा संगणक होता, युनिक्सवर चालणारा. तो काचेच्या खोलीत, एसीमध्ये राहायचा आणि आम्ही माणसं बाहेर पंख्याखाली बसून चार टर्मिनलांवरून त्याच्याशी बोलायचो. खोलीत चपला घालून जायची मनाई होती. धुळीमुळे, असं गोगटे साहेब म्हणत, पण आत जाताना ते उंबऱ्याला हातही लावत, आणि धुळीसाठी कोणी नमस्कार करत नाही. मी रुजू झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी लेथ, प्रेस, साहेबांची गाडी, हातगाडी, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. आमचा संगणक नवा होता, म्हणून त्याची पूजा पंचवटीहून गुरुजी आणून साग्रसंगीत झाली. गुरुजींनी संकल्पासाठी एकेकाचं नाव, गोत्र, कुलदैवत विचारलं. गोगटे साहेबांनी डोळे मिटून, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "गुहागरचा व्याडेश्वर." मग माझी पाळी आली. गुरुजींनी मान वर केली तसे साहेब घाईने म्हणाले, "यांचं राहू द्या, गुरुजी." ते राहिलं. मला पेढा मात्र सगळ्यांच्या आधी मिळाला. तो का, हे मला तेव्हाही कळलं होतं.

पूजा झाल्यावर, मशीन बसवायला मुंबईहून आलेला इंजिनियर म्हणाला की आता प्रत्येकाने आपला पासवर्ड ठरवावा, कधी विसरणार नाही असा. गोगटे साहेबांना तिथल्या तिथे कल्पना सुचली. "आपापलं कुलदैवत घाला सगळ्यांनी. विसरायचा प्रश्नच नाही, आणि रोज सकाळी कामाच्या आधी नामस्मरण." इंजिनियरने बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी त्यात पेढा घातला. त्या दिवशी त्या यंत्रात दोन देव आणि एक सप्तशृंगी यांची स्थापना झाली. मला देव नव्हता म्हणून मी मॅन्युअल उघडलं. त्यात लिहिलं होतं की पासवर्ड म्हणजे अर्थ नसलेली आठ अक्षरं असावीत. मी तशी घातली. यात हुशारी काही नव्हती, दुसरा इलाज नव्हता.

मार्चमध्ये डायरेक्टर साहेबांच्या टेबलावर एक छोटा संगणक आला, डॉसवर चालणारा. काही कागद गुप्त असतात, उदाहरणार्थ कोणाला कायम करायचं आणि कोणाला नाही याची यादी. असे कागद या छोट्यात ठेवावेत की काचेतल्या मोठ्यात, असा प्रश्न त्यांना पडला. ऐकीव माहिती त्यांच्याकडेही होती. परदेशात म्हणे पोरं घरबसल्या दुसऱ्यांच्या संगणकात शिरतात. गोगटे साहेबांना हा प्रश्नच अपमान वाटला. सोमवारी त्यांनी मला बोलावलं.

"पगारे, तुमचं इंग्रजी बरं आहे. दोन पानी नोट तयार करा. डावीकडे डॉस, उजवीकडे युनिक्स. कोण किती सुरक्षित. शेवटी लिहा, युनिक्स अभेद्य आहे."

"सर, अभेद्य लिहायच्या आधी एकदा करून बघू का?"

"बघा की!" ते डोळे मिटून हसले. "आयुष्यभर बघा. मी उद्या दुपारी पुतण्याच्या मुंजीला चाललो. शुक्रवारी आलो की नोट टेबलावर पाहिजे."

मला विशेषणं तपासून घ्यायची खोड दादांनी लावली होती. कचेरीतल्या टिपणीत 'तातडीचे' असा शब्द आला की ते आधी तारीख बघायचे. शिवाय खरं सांगायचं तर 'आयुष्यभर बघा' हे मला थोडं लागलं होतं.

डॉसची तपासणी अर्ध्या तासात झाली. डायरेक्टर साहेब कारखान्यात फेरीला गेलेले असताना, त्यांच्या सेक्रेटरीसमोर मी ते मशीन चालू केलं आणि ते लगेच माझं झालं. तू कोण, असं त्याने विचारलंही नाही. समोरच्या बाजूला कीबोर्डचं एक कुलूप होतं, त्याची किल्ली त्याच कुलपात होती, कारण हरवू नये. मी नोटमध्ये लिहिलं की डॉसला दारच नाही, त्यामुळे त्याचं दार फोडता येत नाही. त्याची सगळी सुरक्षा म्हणजे तो ज्या खोलीत आहे त्या खोलीचा शिपाई. दुसऱ्याची फ्लॉपी त्यात घातली तर तिच्यातला रोग त्याला लागतो आणि तो पुढच्याला लावतो, हेही लिहिलं. युनिक्सची बाजू लिहायला मोठी मजा आली. तिथे प्रत्येकाला नाव, प्रत्येकाला परवली, प्रत्येक फाइलीवर कोणी वाचावं आणि कोणी लिहावं याचा शिक्का. आणि सगळ्यांच्या वर एकच, ज्याला कोणताही नियम लागू नाही. त्याला रूट म्हणतात. आमचे रूट गोगटे साहेब. एवढं लिहून झाल्यावर मंगळवारी दुपारी, जेवणानंतर, मी चार नंबरच्या टर्मिनलवर बसले आणि रूट व्हायची आज्ञा टाइप केली. यंत्राने पासवर्ड विचारला. मी इंग्रजी अक्षरांत व्याडेश्वर घातला. नाही म्हणालं. व्हीच्या जागी डब्ल्यू घातला. नाही. मग दुसऱ्या जागचा बदलला.

स्क्रीनवर नेहमी डॉलरचं चिन्ह यायचं. आमच्यासारख्या सामान्यांचं ते चिन्ह. त्याच्या जागी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची छोटी जाळी आली. एवढंच झालं. घंटा नाही, दिवा नाही. मी त्या जाळीकडे बघत बसले. आणि त्याच वेळी काचेच्या आत प्रिंटर बोलला. कर्र. आधीही दोनदा बोलला असणार, पण मला ऐकू आला तो आत्ता.

तो प्रिंटर मशीनच्या मुख्य टर्मिनलला जोडलेला होता. यंत्र आपल्या स्वतःच्या गोष्टी त्याच्यावर छापायचं आणि कागद मागच्या खोक्यात घडी होऊन पडायचा. आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पण मॅन्युअल मी वाचलेलं होतं. कोणी रूट व्हायचा प्रयत्न केला की एक ओळ पडते. तारीख, वेळ, टर्मिनल, नाव. प्रयत्न फसला तर मध्ये उणे चिन्ह आणि साधला तर अधिक. मी उठून काचेला कपाळ टेकलं. प्रिंटरवर माझ्याकडे तोंड करून तीन ओळी उभ्या होत्या. चार नंबर, पगारे, उणे. चार नंबर, पगारे, उणे. चार नंबर, पगारे, अधिक. खोलीला कुलूप होतं. किल्ली गोगटे साहेबांच्या खिशात होती आणि गोगटे साहेब मुंजीला निघाले होते.

हीच नोंद यंत्राच्या आतही एका फाइलीत होते, हे मला माहीत होतं. आणि मी आता रूट होते. मी ती फाइल उघडली. माझ्या ओळी शेवटीच होत्या, त्यांच्या वर काय आहे ते बघायचं मला भान नव्हतं. कर्सर माझ्या नावावर उभा राहिला. दोन कळा दाबल्या असत्या तर ओळ गेली असती, आणि ती ओळ तिथे कधी होती हे जगात कोणाला सिद्ध करता आलं नसतं. कागद सोडून. मी दाबल्या नाहीत. यात सचोटी किती आणि कागदाची भीती किती, हे आज इतक्या वर्षांनी ठरवायला बसले तर निकाल माझ्या बाजूने लागेल असं वाटत नाही. मग बाहेर पडायचा शब्द आठवेना. चार अक्षरी शब्द होता, रोज संध्याकाळी टाइप करायचे. तो बोटांनीच कसाबसा शोधून काढला. डॉलर परत आला. माझे हात एवढे गार पडले होते की कपाळाला लावले तर बरं वाटलं.

शेजारी बागूल बसायचा. सटाण्याचा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तोही प्रोबेशनवर. तो चहा घेऊन आला आणि माझं तोंड बघून काचेपाशी गेला. वाकून वाचलं.

"माय व! तुनं नाव शे ते!"

"हळू बोल."

"अधिक म्हणजे गं काय?"

मी सांगितलं. तो परत काचेपाशी वाकला. मग म्हणाला, "आणि वरचं काय दिसतंय का? तुझ्या ओळींच्या वरचं?"

"वरचं मागे खोक्यात गेलंय."

"हां," तो म्हणाला. "खोक्यात." आणि आपला चहा न पिता तसाच ठेवून निघून गेला. मला वाटलं, किती जीव लावतो आपल्याला.

बुधवार उजाडला. नाशिकमध्ये दवाखाने किती आहेत हे मला त्या तीन दिवसांत कळलं. प्रत्येकाच्या पाटीवर अधिक चिन्ह. बसमध्ये कंडक्टर तिकिटाचं पंचिंग करताना कट् करायचा तेव्हा माझ्या मानेला झटका बसायचा. कारखान्यात मी दर अर्ध्या तासाने काचेपाशी जायचे. ओळ तिथेच असायची. आत एसी चालू होता आणि कागदाचं मोकळं टोक त्या वाऱ्यावर हलकेच हलायचं, जसं काही ते आता सुटून खाली पडेल. सुटलं नाही. डब्यातली शेंगोळी मी तशीच परत नेली. कुळथाच्या पिठाची शेंगोळी आई लसणाच्या फोडणीत अशी करायची की शेजारच्या क्वार्टरमधून मुलं वाटी घेऊन यायची. मी डबा परत आणला हे आमच्या घरात जवळजवळ वर्तमानपत्रात छापून येण्याजोगं होतं.

आईने डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि स्टोव्ह बारीक केला. "काय झालं? कोनी बोललं का?"

"नाही."

"मंग? लय भेव वाटतंय का कशाचं? हात बघ कसे गार पडलेत." तिने माझे हात तव्यापाशी नेले. "अहो, ऐकलं का, पोरीला काहीतरी झालंय."

दादा दारात बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा पुसला आणि आत येऊन पाटावर बसले. दादांना रागवायची सवय नव्हती, ते चौकशी करायचे. मी सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं तर ते थांबायचे आणि नंतर शेवटचं वाक्य परत म्हणायला लावायचे.

"'बघा' असं कोण म्हणालं?"

"गोगटे साहेब."

"कधी?"

"सोमवारी. साडेअकराला."

"आणखी कोण होतं?"

"कोणी नाही."

"लेखी?"

मी मान हलवली. दादांनी समोरचं ताट दोन बोटं पुढे सरकवलं. त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. ताट सरकवणं हीच आमच्या घरातली सगळ्यात मोठी शिक्षा होती.

"किती वेळा सांगितलंय, सुनंदा. तोंडी हुकमावर आपण काम करायचं नाही. दुसऱ्याची चूक फायलीत दबून राहते. आपल्या माणसाची चूक सगळ्यात वर येते, आणि तीसुद्धा लवकर."

"माफी मागून टाकंल ती," आई म्हणाली. "मानूस हाय तो बी. मुंजीहून आल्यावर चांगल्याच मनात असंल."

"माफी मागितली की गुन्हा कबूल झाला," दादा म्हणाले. बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली होती, तिचा आवाज भरत भरत बारीक होत गेला. दादांनी ताट परत जवळ ओढलं, भाकरी मोडली आणि मला म्हणाले, "आता मला ती दोन मशिनं नीट समजावून सांग. एकेक करून."

माझ्या आयुष्यात युनिक्सवर मी पुष्कळ ठिकाणी बोलले, पुढे शिकवलंही. पण इतक्या लक्षपूर्वक कोणी ऐकलं नाही. डॉसचं त्यांना लगेच पटलं. "म्हणजे चावडी. कोणीही यावं, बसावं." युनिक्सला ते थांबवत थांबवत ऐकत राहिले. प्रत्येकाला वेगळी परवली, छान. कोणी काय बघावं याचे नियम, छान. सगळ्याची नोंद होते, फार छान. मग त्यांनी विचारलं, "ती नोंद कोणाला खोडता येते?"

"फक्त रूटला."

"म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायला नोंदवही, तिचं खोडरबर त्याच्याचकडे?"

"हो."

"मग ती नोंदवही नव्हे. आमच्या आवक रजिस्टरला पानांवर आधीच नंबर असतात. पान फाडलं तर कळतं. खोडलं तर बाजूला सही लागते, नाही तर मेमो. आणि ती काचेतली ओळ? ती खोडता येते रूटला?"

"नाही दादा. ती कागदावर आली."

"तुमच्या एवढ्या कारखान्यात अक्कल असलेली वस्तू एकच दिसते," दादा म्हणाले. "तो प्रिंटर."

परवा माझ्या भाचीला मी हे सांगितलं. ती एका कंपनीत हेच काम करते, दुसऱ्यांच्या संगणकात शिरून दाखवण्याचं, आणि त्याचे तिला पैसे मिळतात. ती म्हणाली की आत्या, आम्हाला हे सहा महिन्यांच्या कोर्समध्ये शिकवलं, आजोबांना कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, एका मेमोने. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

जेवण झाल्यावर दादांनी पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. विषय, सुरक्षिततेची चाचणी. आणि त्याखाली, सगळ्या सरकारी कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं खालच्या माणसाला तारत आलेली ती ओळ. 'संदर्भ : आपले सोमवारचे सकाळी साडेअकराचे तोंडी आदेश.' आपल्या आदेशानुसार मी अमुक वेळी चाचणी घेतली, तिसऱ्या प्रयत्नात यशस्वी झाली, कोणतीही फाइल बदलली नाही, तरी अवलोकनार्थ सादर. प्रत माहितीसाठी, डायरेक्टर साहेब.

"त्यांनासुद्धा?" मी पेन वर उचललं.

"एकट्याला दिलेलं पत्र हरवतं," दादा म्हणाले. "उद्या आवकमध्ये दे. नंबर पडू दे, शिक्का पडू दे, तुझ्या प्रतीवर सही घे. साहेबांनी तो कागद वाचायच्या आत हे पत्र दाखल झालं पाहिजे. मागितल्यावर दिलेला तो खुलासा. आधी दिलेला तो अहवाल."

गुरुवारी मी ते पत्र आवकच्या बाईंना दिलं. त्यांनी वाचलंही नाही, नंबर घातला, धाडकन शिक्का मारला. तो आवाज ऐकून मला वाटलं की आता परतीचा रस्ता गेला. कागदावरच्या तीन ओळी काचेआड होत्या, तोवर ती गोष्ट माझ्यात, यंत्रात आणि बागूलमध्ये होती. आता ती मीच, माझ्या अक्षरात, वरपर्यंत पाठवली होती. त्या दुपारी बागूलला मी पत्राची प्रत दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि त्याच्या वरच्या ओठावर घाम आला. "आता ते अख्खा कागद काढून बघणार," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

"बघू दे. माझ्या तीनच ओळी आहेत."

"हां," बागूल म्हणाला. "तुझ्या तीनच."

तरीही मला उमगलं नाही. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याची भीती दिसत नाही, तो तिला सहानुभूती समजतो.

शुक्रवारी गोगटे साहेब आले ते मुंजीतले लाडू घेऊन. टेबलावर माझं पत्र होतं. त्यांनी ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. मग काचेची खोली उघडली, चपला न काढता आत गेले आणि प्रिंटरमागच्या खोक्यातून सगळा कागद हातभर, दोन हात, तीन हात असा ओढून बाहेर काढला. आम्ही सगळे उभे होतो. मी टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की नखाखाली लाकडाचं कुसळ गेलं, ते संध्याकाळी आईने सुईने काढलं. साहेबांचं बोट कागदावरून खालून वर सरकत होतं. माझ्या तीन ओळी त्यांनी ओलांडल्या. बोट थांबलं नाही. वर वर जात राहिलं, आणि त्यांचा गोरा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

"बागूल," ते म्हणाले.

चार नंबर नव्हे, दोन नंबर. बागूल, अधिक. बागूल, अधिक. बागूल, अधिक. खंडेनवमीच्या पुढच्या आठवड्यापासून, एकही उणे नाही. बागूलच्या रिपोर्टांची छपाई रांगेत मागे पडली की तो रूट होऊन ती पुढे घ्यायचा. पाच महिने. बाकी काही केलं नव्हतं बिचाऱ्याने.

"कसं... कसं कळलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पूजेला मी तुमच्या शेजारीच बसलो होतो," बागूल म्हणाला.

त्या क्षणी मी एक गोष्ट पाहिली आणि माझी भीती कमी होण्याऐवजी दुप्पट झाली. गोगटे साहेब आमच्यापेक्षा जास्त घाबरले होते. पत्राची प्रत डायरेक्टरांकडे गेली होती. अभेद्य यंत्र प्रोबेशनवरच्या मुलीने तिसऱ्या खेपेला उघडलं होतं आणि दुसरा एक पाच महिने त्यात राहून आला होता. घाबरलेला साहेब काय करील याचा नेम नसतो. दादांच्या सगळ्या गोष्टींमध्ये मेमो देणारा माणूस हा असाच घामाघूम असायचा. साहेबांनी माझं पत्र परत हातात घेतलं. त्यांचे ओठ हलत होते. ते संदर्भाची ओळ वाचत होते. एकदा, दोनदा. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येताना मी पाहिला.

"मीच सांगितलं होतं," ते सावकाश म्हणाले. "बरोबर. मीच सांगितलं होतं. चाचणी होती ती." त्यांनी डोळे मिटले, पूर्वीसारखे. "बागूल, तुम्हालाही मीच सांगितलं होतं."

"मला?"

"पाच महिने चाचणी चालू होती. गुप्त होती. पगारे, यांना मजकूर सांगा."

त्या दुपारी बागूलने माझ्याच टेबलावर बसून पत्र लिहिलं. 'संदर्भ : आपले वेळोवेळीचे तोंडी आदेश.' लिहिताना एकदा मान वर करून तो म्हणाला, "पगारे, तुझे वडील कोणत्या कचेरीत आहेत गं? आमच्या मोठ्या भावालाही एकदा भेटायचंय त्यांना."

चार वाजता डायरेक्टर साहेबांच्या सेक्रेटरीचा निरोप आला, पगारेंना पाठवा, एकट्यांना. गोगटे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी जिना चढले. सोळा पायऱ्या होत्या. वर पोहोचेपर्यंत मी क्वार्टरमधलं सामान मनात बांधून झाले होते. आधी भांडी, मग दादांच्या पुस्तकांच्या पेट्या, मग भावांची दप्तरं, आणि सगळं घेऊन सायखेड्याला मामाच्या ओसरीवर.

डायरेक्टर साहेब फोनवर होते. समोर माझी दोन पानी नोट होती, आवकचा शिक्का मारलेलं पत्र होतं आणि बाजूला त्यांचा तो छोटा संगणक, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. त्यांनी फोनवर हात ठेवला. "गोगटे सांगत होते, चाचणी घेतली म्हणे तुम्ही लोकांनी. छान. नोट वाचली नाही अजून. ती यादी मी आपली हातानेच लिहून बॅगेत ठेवतो, ते बरं पडतं." त्यांनी ड्रॉवरमधून एक लिफाफा काढून माझ्यापुढे सरकवला आणि परत फोन कानाला लावला.

लिफाफा मी जिन्यावर, सहाव्या पायरीवर बसून उघडला. मला कायम केलं होतं. आदेशावर सही होऊन अकरा दिवस झाले होते, म्हणजे मी चार नंबरच्या टर्मिनलवर बसले त्याच्या आठवडाभर आधी. एवढे दिवस तो थांबला, कारण कंपनीच्या गोल शिक्क्याचं रबर निघालं होतं आणि तो चिकटवायला मेन रोडला दिला होता.